पिल्लांच्या पाण्यातले औषध

कोंबडीखाद्याचा उग्र वास आला की मला देऊळघाटच्या शेजाऱ्याची पोल्ट्री आठवते. तेव्हा माझी पत्नी रुग्णालयात होती. तिच्या संसर्गावर जंतूंचे आवरण फाडणारे एकच औषध आता उरले आहे, असे डॉक्टरांनी बजावले होते. घरी परतलो, तर शेजारी त्याच औषधाची पुडी पिल्लांच्या पाण्यात ढवळत होता. “कोंबड्यांले द्यायले बंदी असून काऊन टाकून राह्यला बे?” मी कडाडलो. “काका, पिल्लं झपाट्यानं वाढते. कोंबड्यांले तुमचा कायदा समजते काय?” तो हसला. “जंतूले समजते!” मी म्हणालो. “रोज थोडंथोडं पाजलं तर ते आवरणच बदलून घेते, औषध लागूच पडत नाही. मंग तुह्या काकूले काय देऊ?” त्याचा हात थांबला, उरलेल्या पुड्या त्याने माझ्या स्वाधीन केल्या. रुग्णालयात त्याच औषधाने पत्नी वाचली. दुकानांतली कोंबड्यांसाठीची त्याची विक्री मात्र थांबलेली नाही, म्हणून मी आजही तक्रारी लिहितो, आणि त्यांची पाकिटे माझी पत्नीच चिकटवते.