अर्ध्या कपाळाचा घाम

रोज आमच्या दारात मासे घेऊन येणारी बाई पदराने कपाळाची उजवीच बाजू पुसते. डावी बाजू भर उन्हातही कोरडी असते. त्याच बाजूची पापणी थोडी खाली आलेली आणि डोळ्यातली बाहुली बारीक आहे. शेजारचा म्हातारा चिडवतो, "काय गो, डोळो मारतंस?" ती म्हणते, "तुका? मेल्या, तोंड बघ आरशात!"

माझ्या मानेत गाठ आहे. ती काढताना एक नस दुखावली तर असंच होऊ शकतं, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हापासून मी ऑपरेशन पुढे ढकलत होते. कोणी तोंडाकडे बघितलेलं मला आधीच सोसत नाही. काल धीर करून मी तिला माझ्या गाठीचं सांगितलं आणि तिच्या डोळ्याबद्दल विचारलं.

"माजी पण गाठच होती," ती म्हणाली. "ती नस छातीतसून मानेवाटे डोक्यात जाता. तोंडाक घाम तीच आणता, पापणी उचलता, काळोखात बाहुली मोठी करता. ती गेली तरी दिसता सगळा." तिने बांगड्याचा कल्ला उघडून ताज्या माशाचा लाल रंग दाखवला. "लोक चार दिवस माका बघतत गो, मगे बांगडे बघतत."

मी मोठ्याने हसले. संध्याकाळी नवऱ्याला म्हटलं, डॉक्टरांकडून तारीख घेऊन या.