नाल्यापलीकडचं झाड

डेपो जळाला ती सकाळ मला आजही दिसते, आणि दरवेळी धुरातूनच दिसते. सिंदेवाहीकडच्या जंगलात मोहफुलं गळत होती. त्यांचा गोड, आंबूस वास आमच्या पोलीस ठाण्यातल्या खुर्च्यांनाही लागला होता. त्या वासात माणूस जागेपणीच पेंगतो.

लाकडाचा तो डेपो बल्लारपूरच्या एका पुढाऱ्याचा. नाव सांगत नाही. लोक अजून त्याला हार घालतात. सायकलवर कोळशाची पोती विकत हा माणूस मोठा झाला. मग ट्रक, मग डेपो, मग नगरसेवकपद. आता त्याला आमदार व्हायचं होतं. मला तो आवडायचा. मीही मूल गावच्या बाजारात आईशेजारी भाजी विकत वाढलो. घासाघीस मला प्रशिक्षणात कोणी शिकवली नाही.

त्याची फिर्याद सरळ होती. गावातल्या एका शेतकऱ्याने मोहफुलं वेचायला डेपोशेजारच्या झाडाखालचा पाला जाळला, आग पसरली, डेपो गेला. डेपोच्या चौकीदाराने त्याला पेटवताना पाहिलं होतं. हाच शेतकरी ग्रामसभेत डेपोविरुद्ध बोलायचा. गुन्हा दाखल झाला, त्याला अटक केली. कोठडीतून तो एकच म्हणे, "सायेब, फुलं पडून राह्यली, वर्साची कमाई तेच. घरी आंधळी माय हाय, वेचन कोण?"

मी पुन्हा आगीच्या जागेवर, त्या झाडापाशी गेलो, तेव्हा टोपली घेतलेली एक बाई आमच्या मागेमागे फिरत होती. शेवटी म्हणाली, "भाऊ, तो इथी काऊन पाला जाळन? हे झाड माह्यं हाय. त्याचं नाल्यापलीकडं."

हवालदार हसला. "जंगल सरकारचं. झाड तुझं कसं, बाई?"

"तुह्या सरकारले फुलं वेचता येते का?"

हवालदाराचं हसू गेलं. गावात मोहाची झाडं घराघरांत वाटलेली होती, वाडवडिलांपासून. दुसऱ्याच्या झाडाखाली कोणी पाला झाडतसुद्धा नाही. ज्याने ही गोष्ट रचली, त्याला सगळी झाडं सारखीच दिसली होती.

चौकीदाराला समोर बसवलं. हात उगारला नाही; आवाज मात्र असा चढवला की ठाणे अंमलदाराचा चहा सांडला. मग हळू बोललो. "आग चुकून लागली तर ती चूक. खोटी साक्ष दिली तर तो गुन्हा. काय घेतोस?"

"काई कमी नाई होत का, सायेब?"

"एकच भाव."

तो रडायला लागला. "डेपोतली चूल मीच विझवली नाई. वारा सुटला. शेठ म्हणे, त्याचं नाव घे." न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर त्याचा जबाब नोंदवला.

पुढारी स्वतः ठाण्यात आला. "सायेब, तुमी बी बाजारातले, मी बी. चौकीदार बहकला म्हणा. तुमाले पाह्यजे ते चंद्रपूरची बदली माह्याकडं लागली."

"आणि कोठडीतला?"

"त्याले काय होते? आत जेवण तरी भेटते."

मी उठलो तशी खुर्ची मागे पडली. "निघा!" एवढंच म्हणालो. त्याच्यावर खोट्या फिर्यादीबद्दल कारवाई करावी, असा प्रस्ताव वर पाठवला. तो वरच राहिला. मला दूर सिरोंच्याला पाठवलं. पुढारी निवडून आला. हे मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही.

त्याआधी, शेतकरी सुटला तेव्हा मीच त्याला जीपने गावी नेलं. मोहाला तांबूस पालवी फुटली होती. सगळं रान उन्हात तरंगत होतं. नाल्यापलीकडे त्याच्या झाडाखाली फुलं काळी पडून चिकटली होती. गावात कोणी एकालाही हात लावला नव्हता.

मला वाटलं, तो आभार मानील. "सुटलास ना?" मी विचारलं.

"सुटलो, सायेब. पन वर्साचं काय?"

निर्दोष माणूस सुटला की आम्ही न्याय झाला म्हणतो आणि फाईल बांधतो. त्या दिवसापासून मला ते म्हणवलं नाही. तो उकिडवा बसला आणि त्यातल्या त्यात बरी फुलं निवडू लागला. मी जीप बंद केली आणि तिथेच उभा राहिलो.