"गिअरात टाकलीय ना?"

आज दुपारी जे घडलं, ते पाना बाजूला ठेवून लिहितोय.

राजूरच्या बाजाराला आलेल्या एका मावशींनी त्यांची जुनी फोर बाय फोर जीप माझ्या गॅरेजला आणली. इंजिनाचा जोर मागच्या चाकांना देणाऱ्या शाफ्टचे दाते झिजून चढाला सटकत होते. गाडी दारातल्या उतारावर, तोंड वर करून उभी. हँडब्रेक कधीचाच गेलेला. मी सवयीने विचारलं, "मावशी, गिअरात टाकलीय ना?"

"व्हय. पन थांब, चाकाला दगड लावते."

"राहू द्या हो," म्हणत मी खाली शिरलोसुद्धा.

शाफ्टला पाना लावला आणि कट्ट आवाज झाला. जीप मागे सरकली. पुढचं चाक माझ्या बरगडीला टेकलं आणि थांबलं.

मावशींनी माझं न ऐकता मागच्या चाकाला दगड लावला होता.

बाहेर आल्यावर डोक्यात प्रकाश पडला. फोर बाय फोर लावलेलं नसलं, की गिअर चाकांना धरून ठेवतो तो त्याच शाफ्टमधून. दाते गेलेत म्हणून गाडी आली, आणि मी त्याच दात्यांच्या भरवशावर खाली झोपलो!

मावशी म्हणाल्या, "मला गाडीतलं काय कळत न्हाई बाबा. उतार दिसला की दगड लावते."

जीप अजून तशीच उभी आहे. खाली शिरायची हिंमत होत नाही.

गॅरेजवाल्यांनो, खरं सांगा, नुसतं "गिअरात टाकलीय ना?" एवढंच विचारून तुम्ही आजवर किती वेळा खाली शिरलात?