आबांचे पाय उत्तरेला

सोलापूर स्टेशनवर सकाळच्या पॅसेंजरमध्ये चढलो तेव्हा माझ्या खांद्यावर जवळजवळ माझ्याच उंचीची एक गुंडाळी होती. मागे कापड लावलेला जिल्ह्याचा नकाशा, वर-खाली लाकडी दांड्या आणि बाहेरून वर्तमानपत्राचे वेष्टन. बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती वर्षे. वाड्यावस्त्यांवरच्या एकशिक्षकी शाळांवर लिहायचे म्हणून मी माळशिरस तालुक्यात निघालो होतो. आमच्या गल्लीतल्या एका पद्मशाली विणकराची मुलगी, सुलोचना, तिकडे धनगरांच्या एका वाडीत मास्तरीण होती. नकाशा तिने मागवला होता. तो पोचवायचे काम तिच्या आईने माझ्यावर टाकले. सोबत शेंगाचटणीचा डबाही दिला.

मोहोळ, माढा मागे पडले. डब्यातल्या एका म्हाताऱ्या बाईने गुंडाळीकडे बराच वेळ पाहिले.

"बंदूक हाय का काय?"

"नकाशा आहे. शाळेसाठी."

"मग बंदूकच बरी हुती की. लांडगं तरी पळालं असतं."

डबा हसला. कुर्डुवाडीला उतरलो. छोट्या रुळांवर पंढरपूरची गाडी धुराने भरून उभी होती. वर्कशॉपचा भोंगा झाला, तशी निळ्या कपड्यांतली माणसे फाटकाकडे निघाली. स्टेशनबाहेर चहा आणि गरम भजी घेऊन एसटीत बसलो. टेंभुर्णी, अकलूज. अकलूजपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस उभा होता. माळशिरस सोडले आणि ऊस विरळ झाला. नातेपुत्याच्या अलीकडे कंडक्टरने मला एका फाट्यावर उतरवले. बस निघून गेल्यावर कळले की फाटा चुकला आहे.

ऐन दुपार होती. सरपणाची मोळी घेतलेल्या एका बाईला वाट विचारली.

"सरळ उगवतीला जावा." (उगवती म्हणजे पूर्व.)

सूर्य डोक्यावर होता. मी अंदाजाने निघालो. थोड्या वेळाने मागून तिची हाक आली, "अवो पावनं, मावळतीला कुटं निगाला?"

वाडीत पोचलो तेव्हा शाळा उघडी आणि रिकामी होती. एक खोली, एक फळा, आणि अंगणात पुसट झालेल्या चुन्याच्या रेघा. सुलोचनाबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. वय फार तर बावीस. डबा घेतला, आईची विचारपूस केली आणि मग म्हणाल्या, "नकाशा आणलात, पण बघायला पोरं नाहीत."

झाले होते ते असे. धाकट्या मुलांना नकाशा समजावा म्हणून त्यांनी अंगणात चुन्याने वाडी आखली होती. मुलांना एकेक करून तीवर पालथे झोपवले. डोके उत्तरेला, म्हणजे उजवा हात आपोआप पूर्वेला. ट्रेनिंग कॉलेजात असेच शिकवले होते. पण या भागात उत्तरेला डोके करून कोणी झोपत नाही. तसे मढे ठेवतात. त्याच संध्याकाळी एका मुलाला ताप भरला. दुसऱ्या दिवसापासून एकही मूल शाळेत आले नाही.

"आमच्या घरीही उत्तरेला डोकं करत नाहीत," बाई म्हणाल्या. "पण हे झोपणं कुठं होतं? धडा होता."

परवा शिक्षण खात्याचे साहेब येणार होते. पट रिकामा दिसला तर शाळा बंद करून मोठ्या गावच्या शाळेला जोडायची, असे ठरत होते. ते गाव दोन कोसांवर. एवढी लहान मुले तिथे चालत जाणार नाहीत, मेंढरांमागे जातील, हे सगळ्यांना माहीत होते.

आम्ही वाडीतल्या वडीलधाऱ्या माणसाकडे, सदूआबांकडे गेलो. वाडीच्या मधोमध लिंबाखाली घोंगडीवर ते उताणे पडले होते. जवळ त्यांची नात बायडी कोकराला पाला चारत होती. तीही शाळेतलीच. बाईंना पाहून ती आजोबांच्या आड झाली.

"आबा, पोरं पाठवा," बाई म्हणाल्या.

"पाटवतो की. पर मड्यागत झोपवू नगासा." त्यांनी डोळेही उघडले नाहीत. "लई शिकलेली तू, बाय. एवडं कुनी सांगितलं न्हाय व्हय?"

बाई परत फिरतील असे मला वाटले. पण त्या आबांकडे निरखून पाहत होत्या. मग आभाळाकडे पाहिले, पुन्हा आबांकडे.

"आबा, उठू नका. तुमचा उजवा हात कुठं आहे?"

"खांद्याला हाय. कुटं आसंल?"

"कुणीकडं आहे?"

आबांनी हात लांब केला. "हिकडं. बिरोबाच्या देवळाकडं. उगवतीला."

"आणि डोकं?"

"दक्षिनंला. जित्या मानसाचं आनिक कुटं आसतंय?"

"मग पाय?"

आबांनी डोळे उघडले. "हिरीकडं. उत्तरंला."

बाईंनी बायडीला खडे गोळा करायला सांगितले. "आबांच्या भोवतीनं मांड." खड्यांचा आवाज ऐकून आणखी दोन मुले आली, मग चार. आबा ओरडले, "माज्या अंगाला खडा लावू नगा रं! आनि रेघा वडाया राख न्हाय हं, राख मेल्यावर." पण हलले नाहीत. पायाशी विहीर म्हणून पाण्याचा तांब्या ठेवला. उजव्या हाताशी देऊळ, डाव्या हाताशी मेंढरांचा वाडा, डोक्याशी शाळा.

"डोक्याशी साळा," आबा म्हणाले. "बरुबर हाय."

ते उठले, तरी खड्यांचा माणूस जमिनीवर राहिला. मुलांनी तो पाट्यांवर उतरवला. पाय वर, डोके खाली. रात्री आबांच्या घरी जेवलो. हुलग्याचे माडगे (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज), भाकरी आणि सोलापूरची शेंगाचटणी. चटणी तिखट नाही, असे आबांचे मत पडले.

दुसऱ्या दिवशी मुले आली. बाईंनी माझी गुंडाळी सोडून नकाशा भिंतीला लावला. बायडी त्याच्यापुढे बराच वेळ उभी राहिली. मग वरच्या कडेला बोट लावून म्हणाली, "आबाचं पाय." खालच्या कडेला, "डुचकं." आणि उजवीकडे सोलापुरावर तळहात टेकवून, "बाईंचं गाव उगवतीला."

बाईंनी तोंड फिरवून फळा पुसायला घेतला. तो कोराच होता.

ठरलेल्या दिवशी साहेब सायकलवरून आले. खोली भरलेली होती. त्यांनी बायडीला उभे केले. "उत्तर दिशा कुठली?"

"आबाच्या पायाकडची."

साहेबांनी बाईंकडे पाहिले. दाराशी बसलेले आबा आपले पाय पुढे पसरून म्हणाले, "हेच पाय, सायेब. झोपून दावू का?"

मुले हसली. साहेबही हसले आणि हजेरीपुस्तकावर सही करून चहाला बसले. जाताना म्हणाले, "शाळा इथंच राहू द्या."

मी संध्याकाळच्या एसटीने निघालो. या वेळी फाटा चुकला नाही. कुर्डुवाडीला गाडीची वाट पाहत फलाटावरच्या बाकावर आडवा झालो, तेव्हा बाक कोणत्या दिशेला आहे ते आधी पाहिले.

तो नकाशा आता जीर्ण झाला असेल, त्या वर्गातल्या मुलांना नातवंडे झाली असतील. माझी पत्रकारी संपली, तरी फिरणे पुष्कळ झाले. परक्या गावी खोली मिळाली की मी अजूनही दक्षिण विचारून घेतो आणि उशी तिकडे ठेवतो. दिवा मालवल्यावर उजवा हात लांब करतो. तो उगवतीला असतो. पायांकडे कुठेतरी पाण्याने भरलेली विहीर आहे, असे वाटत राहते. आणि डोक्याशी शाळा.