ढोलीजवळचा कॅमेरा

रंजीताला कोणी विचारलं, "बाई, जंगलात वाघाचं भेव नाई लागत का?" तर ती म्हणे, "वाघाचं काय भेव? तो एकदा जेवला का दोन दिवस झोपते. मले भेव हाय ते अंगणवाडीच्या सुट्टीचं."

आणि यात खोटं काही नव्हतं. चिमूरहून निघून डांबरी रस्ता सोडला, जंगलात शिरलं की पळसटोली लागते. पन्नास-साठ घरं असतील. रंजीता तिथली वनरक्षक. हजारभर हेक्टर जंगल सरकारनं तिच्या हवाली केलेलं, आणि दोन खोल्यांचं घर नि साडेचार वर्षांची दिव्यानी देवानं. सरकार महिन्यातून एकदा अहवाल मागे. दिव्यानी मिनिटामिनिटाला मागे.

पहाटे उठल्याबरोबर रंजीता खाकी पँट चढवी आणि वरून गाऊन घाली. गाऊनखालची खाकी पाहून शेजारची म्हातारी बुधरीबाई पहिल्या दिवशी पोट धरून हसली होती. पण निघायच्या वेळी गाऊन काढून शर्ट घातला की वर्दी तयार. पाच मिनिटं वाचत, आणि पाच मिनिटांत पोरीच्या दोन वेण्या होतात. कुकरच्या दुसऱ्या शिट्टीला पहिली वेणी, चौथीला दुसरी. नवरा प्रवीण चिमूरच्या एसटी वर्कशॉपात मेकॅनिक. सात वाजता तो मोटरसायकलला किक मारी, पण त्याआधी पाणी भरून, रातची भांडी घासून मोकळा होई. असं कोणी ठरवलेलं नव्हतं. बसचं इंजिन खोलणाऱ्या हाताला कढईचं काय ओझं?

एक वाजता अंगणवाडी सुटली की दिव्यानी बुधरीबाईच्या ओसरीत जाई. त्या सुमाराला रंजीता नाल्यात असो का पहाडीवर, एका काळ्या खडकावर चढे, कारण तिच्या साऱ्या हद्दीत मोबाईलला रेंज तेवढ्याच दगडावर. तो खडक बिबट्यालाही आवडे. त्याची वाळलेली विष्ठा तिथं हमखास पडलेली असायची. तिच्या बाजूला उभी राहून रंजीता फोनवर सांगे, की पोरीला दहीभात देजो बाई, तोंड आलंय तिचं, तिखट नको.

असा गाडा चालला होता. करकर वाजत होता, पण चालला होता.

मार्च संपत आला, मोहफुलं टपटप पडू लागली, आणि पाणवठ्यांवर कॅमेरे लावायचा हुकूम आला. हे कॅमेरे झाडाला बांधतात, माणसाच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर, कारण वाघाची कूस तेवढ्याच उंचीवर येते. पुढून काही हललं की कॅमेरा आपोआप फोटो काढतो, तारीख-वेळेसकट. बांधण्याआधी तो चालतो की नाही हे पाहायची एकच रीत आहे. माणसानं चार पायांवर येऊन त्याच्यापुढून वाघासारखं चालायचं. तांबडा दिवा लुकलुकला की समजायचं ठीक आहे. मग दिवा विझतो आणि कॅमेरा गुपचूप कामाला लागतो.

त्यातल्या एका कॅमेऱ्याचं लक्षण ठीक नव्हतं. सेल बदलून पाहू म्हणून रंजीतानं तो शुक्रवारी घरी आणला, स्वयंपाकघरात धानाच्या ढोलीजवळच्या खांबाला गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधला आणि दिव्यानीला हाक मारली. वाघ व्हायचं म्हटल्यावर दिव्यानीला दुसरं काय पाहिजे? ती रांगली, गुरगुरली, ढोलीला नखं घासली. दिवा लुकलुकला. दोघी माय-लेकी टाळ्या वाजवत होत्या तेवढ्यात बाहेर मोटरसायकलचा आवाज आला. प्रवीणच्या मागं त्याची आई बसलेली होती. रंजीता पदर नव्हता तरी पदर सावरल्यासारखं करत धावली, सासूच्या पिशव्या घेतल्या, पाणी दिलं, पाया पडली. कॅमेरा राहिला खांबाला.

वच्छलाबाई वरोऱ्याजवळच्या गावची. कापूस-सोयाबीनचं घर, थोरला लेक शेती पाही. बाईचे गुडघे झिजलेले. ती पाटावर बसत नसे, भाजी चिरायला वाकत नसे. खुर्चीत बसून जिभेनं कामं करी. आल्या आल्या तिनं आपला जादाचा टॉवेल ढोलीजवळच्या खिळ्याला टांगला. त्याचा सोगा कॅमेऱ्याच्या डोक्यावर टोपीसारखा पडला आणि कॅमेरा दिसेनासा झाला. डोळा मात्र त्याचा उघडाच राहिला.

बाईनं दोन पिशव्या आणल्या होत्या, एक भरलेली आणि एक रिकामी. रिकामी कशाला, हे रंजीताला दुसऱ्या दिवशी कळलं. ती दिव्यानीच्या कपड्यांसाठी होती.

वच्छलाबाईनं सगळं ठरवूनच आणलं होतं. वरोऱ्याच्या कॉन्व्हेंटची पिवळी बस गावापर्यंत येते. घरात मोठी सून आहे, तिची दोन लेकरं आहेत. इथं माय जंगलात, बाप डेपोत आणि लेकरू दुसऱ्याच्या ओसरीत. बुधवारच्या गाडीनं दोघी जाऊ.

"पोट्टी का बेवारस हाय गा?" तिनं लेकाला विचारलं. "दिवसभर एकटीच राह्यते ते. कोण हाय तिच्यापाशी?"

प्रवीण मायपुढं कधी बोलला नव्हता, तो आता काय बोलणार? त्यानं जांभई दिली. माय आल्यापासून त्यानं भांड्यांना हातही चोरूनच लावला होता. ती आंघोळीला गेली की घाईघाईनं घाशी आणि बादलीचा आवाज थांबला की खाटेवर जाऊन मोबाईल बघत बसे.

रंजीताला सासूचा राग आला असता तर बरं झालं असतं. पंचाईत ही, की राग येईना. खडकावर उभं राहून दहीभाताचा निरोप देताना तिच्याही मनात तेच येई, की लेकराजवळ मी कधी असते? पहाटे असते तेव्हा हात पिठात, संध्याकाळी असते तेव्हा डोळे झोपेत. तिनं हो म्हटलं नाही. पण तिनं नाहीही म्हटलं नाही, आणि वच्छलाबाईच्या हिशेबी ते हो होतं.

त्यात कॅमेऱ्याची चुटपुट. पाणवठ्यावर कॅमेऱ्यांची जोडी लागते, कारण वाघाच्या डाव्या कुशीचे पट्टे वेगळे, उजव्या कुशीचे वेगळे. शनिवारी पिशवी उघडली तर एक कमी. चौकीत राहिला असेल म्हणून तिनं शेजारच्या बीटाचा, म्हणजे पलीकडच्या वनरक्षकाच्या हद्दीतला, मागून आणला आणि चार दिवस सगळीकडे शोधलं. सासूच्या गडबडीत तो सोडवून पिशवीत टाकला असंच तिच्या मनात बसलेलं, त्यामुळं घरात शोधावं हे काही डोक्यात आलं नाही. घरात वाघ येतो थोडाच?

बुधवारी सकाळी ती रिकाम्या पिशवीत फ्रॉक भरत होती. एकेक घडी घालायला तिला फार वेळ लागत होता. सासू म्हणाली, माहा टॉवेल बी टाक वं त्याच्यात. रंजीतानं खिळ्यावरचा टॉवेल ओढला आणि कॅमेऱ्यानं तिच्याकडं बघितलं.

पाच दिवस! या घरात काय काय झालं ते सगळं त्याच्या पोटात. तो उघडला तर साऱ्या ऑफिसला दिसेल की सासू म्हणते तेच खरं. पोरगी एकटी, चूल एकटी, आईचा पत्ता नाही. तिनं कॅमेरा सोडवून पिशवीत कोंबला.

सगळ्या पाणवठ्यांवरच्या कॅमेऱ्यांची फोटोंची कार्डं त्याच दिवशी चिमूरच्या ऑफिसात जमा करायची होती. स्टँड तिथून जवळच. म्हणून स्कूटीवर पुढं दिव्यानी, मागं वच्छलाबाई, दोन्हीकडं पिशव्या, अशी वरात निघाली. साडेअकराच्या गाडीला अजून वेळ होता. सासू ऑफिसच्या बाकावर गुडघे दाबत बसली. रंजीता संगणकावरच्या नागसेनजवळ गेली आणि हळूच म्हणाली, की भाऊ, हे एक कार्ड न उघडताच पुसून टाक.

नागसेन नियमाचा माणूस. कार्ड न बघता पुसलं आणि त्यात वाघ निघाला तर? त्यानं कार्ड लावलं. पडद्यावर पहिलाच फोटो उघडला तो चार पायांवरच्या दिव्यानीचा, तोंड वासलेला.

"मी वाघ!" असं ओरडत दिव्यानी धावली आणि नागसेनच्या मांडीवर चढून बसली. आता कोण थांबवणार? रंजीता भिंतीला टेकली. डोळे मिटून घ्यावेत असं तिला वाटलं, पण मिटले नाहीत.

कॅमेरा गुडघ्याएवढ्या उंचीवर. त्यामुळं उभ्या माणसाचे नुसते पाय येत होते. ज्याचं तोंड दिसलं, तो खाली बसलेला होता, म्हणजे लेकराच्या उंचीवर आलेला होता. नागसेन एकेक फोटो सरकवू लागला. पहाटेचे चार बावन्न, करडा फोटो. गाऊन, गाऊनखाली खाकी, पाठीवर फडक्यानं बांधलेली झोपाळू दिव्यानी, आणि रंजीता उकिडवी बसून कणीक मळतेय. पाच चाळीस. एक वेणी झालेली, एक व्हायची, आणि दिव्यानी दुसऱ्या वेणीची रिबन दातात धरून बसलेली. सहा पाच. मोरीपाशी प्रवीण, हातात कढई, गालाला राख, आणि दिव्यानी त्याच्या पाठीवर पाणी ओततेय. सहा सात, फक्त दोन मिनिटांनी. मोरी रिकामी, प्रवीणचे ओले पाय पळताना आलेले, आणि दारात वच्छलाबाईचं धुतलेलं लुगडं.

नागसेनला हसू आवरेना. आरएफओ मॅडम, ऑफिसच्या मोठ्या साहेब, आतून बाहेर आल्या, काय चाललंय म्हणून, आणि त्याही उभ्याच राहिल्या. वच्छलाबाई बाकावरून उठून चष्मा पुसत कधी मागं आली ते कोणाला कळलं नाही.

मग सोमवार दुपार, दोन चौदा. फोटोत चार पायांवर एक मोठा वाघ. लुगड्याचा काचा मारलेला, कमरेला मागं गमछ्याची शेपटी, तोंडाचा आ. आणि त्याच्या पाठीवर दिव्यानी, हातात लाटणं.

सगळे तो मोठा वाघ आणि मागं उभी असलेली वच्छलाबाई यांच्याकडं आळीपाळीनं पाहत होते.

"हे मी नोय," वच्छलाबाई म्हणाली.

"तूच हायेस आजी," दिव्यानी म्हणाली. "अन् तू ढोलीमागं लपली होती, अन् मी तुले मारलं."

रंजीताला पाच दिवसांचे गुडघे आठवले. खुर्ची आठवली, न चिरलेली भाजी आठवली. तिनं ओठ दाताखाली धरला.

पण वच्छलाबाई अशी पडद्यापासून हलणारी नव्हती. ती गावच्या पंचायतीत बसून आलेली बाई. तिनं पदर खोचला आणि नागसेनला सांगितलं, "मले एक दाखव भाऊ. ज्याच्यात पोट्टी एकटी हाय, तो दाखव."

नागसेन शोधू लागला. खरंच शोधलं त्यानं. शनिवार सकाळ, आईजवळ. दुपार, बुधरीबाई तिला पेज भरवतेय. रविवार, बाप. सोमवार, मोठा वाघ. मंगळवार संध्याकाळ, सात वीस. रंजीता खाकीतच भिंतीला पाठ लावून बसलेली, डोळे मिटलेले, आणि दिव्यानी तिच्या तोंडात भाताचा घास घालतेय. तोंड उघडं आहे, घास जातोय, बाई झोपेतच खातेय. फोटोच्या कडेला खुर्चीचे पाय आणि वच्छलाबाईचे दोन पाय. ती तिथंच बसून बघत होती.

शेवटी एक सापडला. दिव्यानी चटईवर एकटीच झोपलेली. नागसेननं तो मोठा केला. चटईच्या कोपऱ्यावर कोणाचा तरी हात होता. हातात पंखा, मनगटात हिरव्या बांगड्या.

वच्छलाबाईनं आपल्या मनगटाकडं पाहिलं.

"एकटी नाईच का मंग कुठी," ती म्हणाली.

मॅडमनी घसा खाकरला. रंजीताला सांगितलं की कॅमेरा घरी तपासलास तर निदान सोडवत जा, आणि नागसेनला सांगितलं की हे कोणाच्या घरचे फोटो आहेत, सगळे पुसून टाक. नागसेन डोकं खाजवू लागला. सवयीनं त्यानं तक्ता भरत आणला होता. तारीख, वेळ, प्रजाती, आणि शेवटच्या रकान्यात एकाखाली एक, मादी पिल्लासह, मादी पिल्लासह. मॅडमना तोंडावर फाईल धरावी लागली.

साडेअकरा झाले. स्टँडकडून वरोऱ्याच्या गाडीचा हॉर्न ऐकू आला. रंजीतानं पिशव्यांकडं पाहिलं, पण हात लावला नाही. पाच दिवस जे तोंडातून निघालं नव्हतं ते निघालं. "आई, मी नाई धाडत तिले."

"मी कुठी म्हणून राह्यली का धाड?" वच्छलाबाई उलट तिच्यावरच खेकसली. "कॉन्व्हेंटात का ढोली राह्यते? मीच राहीन इथी मिरगापर्यंत. पेरणी झाली का अखीन येईन. पन मले खाली बसाले पाट लागन, उंच. अन् लाखोळीच्या डाळीत तू मीठ कमी टाकतं."

भरलेली पिशवी पुन्हा स्कूटीला अडकली. दुसरी दिव्यानीनं डोक्यावर घेतली आणि वाटेत दोनदा पाडली.

संध्याकाळी प्रवीण घरी आला तो तोंड पाडूनच, पोरगी गेली असं धरून. दारात पोरगी त्याच्या पायाला बिलगली. काय झालं, कसं झालं, हे त्याला तिघी एकाच वेळी सांगू लागल्या, म्हणून त्याला काहीच कळलं नाही. फोटोंचं तेवढं कळलं. तो कानापर्यंत लाल झाला.

जेवणं झाली. मोरीपाशी भांड्यांचा ढीग पडला. प्रवीण उठला, मायकडं पाहिलं, परत बसला. वच्छलाबाई नव्या उंच पाटावर बसून सुपारी कातरत होती. मान वर न करता ती म्हणाली, "घास, घास. फोटोत तर बरा घासून राह्यला होता."