निमोण्याच्या मुरमावर इटलीचा गोलकीपर

भुसावळला गाडीत बसलो तेव्हा पिशवीत दोन सदरे, गुडघ्याचं मलम आणि माझे जुने हातमोजे होते. बायको म्हणाली, साठी आली, आता कसले चेंडू अडवताय. मी कानाडोळा केला. दौंडच्या रेल्वे कॉलनीच्या संघाचा मी चौदा वर्षं गोलकीपर. एक सामना चुकवला नाही. हळदीच्या अंगानेही एक खेळलोय. निमोण्याला आम्हा जुन्या खेळाडूंचा शिरूरकडच्या कारखान्यातल्या संघाशी सामना आहे, शेवटचं एकदा खेळू, असा माझ्या जुन्या कप्तानाचा, बबनचा, फोन आला होता. गोलात पुन्हा एकदा उभं राहायचं, एवढ्यासाठीच मी निघालो होतो.

दौंड स्टेशनाबाहेर बबन जीप घेऊन उभा होता. जयभीम झाला, चहा झाला, मग त्याने खरी गोष्ट काढली. शिरूरला मार्को नावाचा एक इटलीचा माणूस राहतो. त्याची बायको कारखान्यात इंजिनियर आहे आणि तो स्वतः तिकडे एकवीस वर्षं पगारी गोलकीपर होता. गावाने त्याला पाहुणा म्हणून बोलावलंय. मग पाहुण्याला बाहेर कसं बसवायचं?

"आपल्या गोलात त्यो ऱ्हाईल. तू त्याचा परिचय करून दे. तुझ्यावाणी बोलणारं आपल्यात कोण हाय?"

घ्या! नवरदेव म्हणून निघालो आणि करवला होऊन पोचलो. चौफुल्यापर्यंत मी जीपमध्ये बबनकडे पाठ करून बसलो.

पुढे पारगावपाशी भीमा लागली. जलपर्णीने नदी एवढी झाकलेली की शेरडं चरायला उतरतील असं वाटावं. पूल ओलांडला की दौंड तालुका संपतो आणि शिरूर लागतो. ऊस मागे पडत गेला. मग कांद्याचे वाफे, थोडी ज्वारी आणि निमोण्याच्या अलीकडे उघडा माळ. एरवी मी हे सगळं डोळे भरून पाहिलं असतं. त्या दिवशी मला सगळीकडे तो इटलीवालाच दिसत होता, अजून पाहिला नव्हता तरी.

जेवण एका बागायतदाराच्या ओसरीवर होतं. शेंगोळी (हुलग्याच्या पिठाची वळलेली कडबोळी, लसणाच्या रश्श्यात शिजवलेली) आणि बाजरीची भाकरी. मार्को मांडी घालून बसला होता. उंच, केस पिकलेले, नाक तिखटाने लाल झालेलं. बायका त्याला आग्रह करकरून वाढत होत्या. मला दुसऱ्यांदा कुणी विचारलं नाही.

परिचयासाठी मी त्याला माहिती विचारली. तो कारखान्यातल्या हिंदीत सांगत गेला. चौदाव्या वर्षी घर सोडून क्लबच्या वसतिगृहात गेला. नऊ क्लब झाले, तीन वर्षं अगदी वरच्या श्रेणीत. गालिच्यासारखं गवत, गोलकीपरांना वेगळा शिक्षक, हातमोजे धुवायला वेगळा माणूस. आमच्याकडे मोजे म्हणजे गँगमनचे कामाचे, ते पण मागून आणलेले. मी सगळं लिहून घेतलं. याच्याकडे असं काय होतं जे माझ्याकडे नव्हतं? शेवटी विचारलं, सामने किती खेळलात?

त्याने सात बोटं वर केली. सात! बाकी सगळी वर्षं राखीव म्हणून बाकावर. खोटं कशाला बोलू, शेंगोळीपेक्षा ती सात बोटं मला गोड लागली.

माईक हातात आला तेव्हा मी ते मुद्दाम ठासून सांगितलं. एकवीस वर्षांत फक्त सात सामने. वाटलं, लोक हसतील. कुणी हसलं नाही. समोर निम्मे लोक कारखान्यांत बदलीवर जाणारे होते. रोज पहाटे डबा घेऊन गेटवर उभं राहायचं, कुणाचा खाडा पडला तर आत घेतात, नाहीतर घरी. त्यातला एक उठून म्हणाला, "म्हंजी आमच्यातलाच हाय की ह्यो." आणि जी टाळी पडली, तशी मला चौदा वर्षांत कधी पडली नव्हती.

मोजे चढवताना मार्कोने मला विचारलं, "ग्राउंड कैसा है, भाई?"

मैदान मुरमाचं. मुरमावर आम्ही दौंडवाले कधी अंग टाकत नाही. पायाने अडवायचं, छातीने अडवायचं, नाहीतर गोल होऊ द्यायचा. आमच्याकडे हे पहिल्या दिवशी शिकवतात. मी त्याला म्हणालो, "अच्छा है."

मग मी बाकावर बसलो, जन्मात पहिल्यांदा. हात नुसते शिवशिवत होते. मध्यंतरानंतर कारखान्याच्या एका गड्याने डाव्या कोपऱ्यात चेंडू मारला आणि मार्कोने झेप घेतली. चेंडू अडला. तो उठला तेव्हा कोपरापासून मनगटापर्यंत साल निघाली होती.

बबनने मला खूण केली. मार्को बाहेर येत होता. लोक जखमेवर पाणी ओतत होते, आणि तो माझ्याकडे पाहून त्याच्या मोडक्या हिंदीत बोलला. सातपैकी पहिला सामना त्याला मिळाला तो मुख्य गोलकीपरचा गुडघा मोडला म्हणून. तो माणूस स्ट्रेचरवर कण्हत होता आणि मार्को आतून खूश झाला होता. "रोज मांगता था, इसको कुछ हो जाए," तो म्हणाला. "अब जाओ. तुम्हारा टाइम."

मी गेलो. वीस मिनिटं गोल राखला, एकही होऊ दिला नाही. हाताला फडकं बांधून मार्को बाकावरून टाळ्या वाजवत होता, अगदी मनापासून. मला मात्र त्या वीस मिनिटांची कसलीच चव लागली नाही.

परतीच्या गाडीत अहमदनगर गेल्यावर राहवेना. बबनला फोन लावला आणि सांगून टाकलं की मैदानाचं मी त्याला मुद्दाम सांगितलं नाही.

"त्याला ठाव हाय," बबन म्हणाला. "दौंडचा कीपर कवा अंग टाकत न्हाई, हे त्याला पोरांनी जखम धुतानाच सांगितलं. त्यो म्हणला, मी बी त्याच्या जागी 'चांगलंय' असंच म्हणलो असतो."

फोन ठेवून मी खिडकीबाहेर पाहत बसलो. त्याचं गवत, त्याचा पगार, त्याचे नऊ क्लब, कशाचाच मला आता हेवा वाटत नव्हता. स्वतःची लाज त्याने माझ्या तोंडावर सांगितली होती आणि मला माझी सांगायला शंभर किलोमीटर लांब जावं लागलं, या एकाच गोष्टीचा वाटत होता. तो अजून वाटतो.