ब्लाउजची पाठ आणि फुटलेली सिस्टीम

माझी नात कॉम्प्युटरचं शिकते. एका दुपारी तिची आई, म्हणजे माझी सून, जरीचा दोरा आणायला गुलमंडीच्या बाजारात गेली आणि ही मला हाताला धरून सुनेच्या कॉम्प्युटरपुढं घेऊन गेली.

"आजी, गंमत बघ. नवीन सिस्टीम टाकलीय. अजून बाजारात आली नाय. फुटलीय."

मी चष्मा लावून काच बघितली. तडा कुठं दिसेना.

"काच नाय गं. परीक्षेचा पेपर फुटतो ना, तशी. कंपनीतल्याच कुणीतरी बाहेर सोडली. कच्ची आहे, तपासण्यापुरती केलेली."

"चोरीची म्हण की."

"फुटलेली," ती म्हणाली आणि कामाला लागली.

मी चौथी शिकलेली. त्या कॉम्प्युटरवर एरवी सगळं इंग्रजी असतं, म्हणून मी त्याच्याकडं बघतही नसे. नातीनं ही सिस्टीम मराठीत करून दिली आणि मला खुर्चीत बसवलं. गिलावा व्हायच्या आधी घर बघायला जावं तसं वाटत होतं. दार उघडावं तर पलीकडं खोलीच नाही, नुसता राखाडी चौकोन आणि त्यात लिहिलेलं, 'येथे चित्र येईल'. मराठी तर कुणी केलं होतं देव जाणे. एका कोपऱ्यात 'जवळ' लिहिलं होतं. काहीतरी जवळ येईल म्हणून दाबलं, तर होतं तेही गेलं. इंग्रजीत बंद करण्याला आणि जवळ असण्याला एकच शब्द आहे म्हणे. पुढं एका ठिकाणी 'पळा' होतं. त्याच्याखाली 'वाचवा'.

"कुणाला वाचवा?"

"फाइलला, आजी." ती पोट धरून हसत होती. मीही हसले. लई दिवसांनी दुपार चांगली चालली होती.

तेवढ्यात सुनेचा फोन आला. "रिक्षात बसलेय. नवरीकडचे संध्याकाळी ब्लाउज न्यायला येणार. मोर उघडून ठेव गं."

सून मशीनवर ब्लाउजची नक्षी भरून देते. नक्षी आधी कॉम्प्युटरवर काढायची, मग मशीन ती कापडावर भरतं. हा मोर तिनं बरेच दिवस बसून काढला होता. नातीनं उघडायला घेतला, पण उघडेना. तिचं हसणं थांबलं.

"मम्मीचं सॉफ्टवेअर ह्याच्यात चालत नाय."

"मग मोर गेला?"

"आहे आत. पण दिसत नाय."

ती इकडं दाबत होती, तिकडं दाबत होती. मी पडद्यावरचं एकेक वाचत होते. खाली एका बटणावर लिहिलं होतं, 'पाठ'. आमच्या घरात पाठ म्हणजे ब्लाउजचीच. गळा, बाही, पाठ. मोर पाठीवरचाच होता.

"अगं, ही काय पाठ. दाब."

"ती ब्लाउजची नाय, आजी. ते बॅक आहे."

"म्हणजे काय होतं?"

तिनं पडद्यावरचा बाण बटणापासून लांब नेला. "दाबलं की सगळं पहिल्यासारखं होतं. नवीन जातं."

"मग मोर दिसंल?"

"व्हय."

"हे तुला आधीपासून माहीत होतं?"

"होतं. पण अजून निम्मंसुद्धा बघून झालं नाय. आमच्या कॉलेजात कुणाकडंच नाय ही."

मला काही तिची कीव आली नाही. नवरी ब्लाउज मागणार होती, सिस्टीम नव्हे. "दाब," मी म्हटलं. तिनं तोंड पाडून दाबलं.

सून आली तेव्हा पडद्यावर नुसतं गोल फिरत होतं. "हे काय?" तिनं विचारलं. मी सांगून टाकलं, तुझ्या लेकीनं फुटलेली सिस्टीम घातली होती, आता परत काढतोय.

सून पिशवी घेऊन उभीच राहिली. गोल थांबलं, पडदा पहिल्यासारखा झाला आणि मोर उघडला. तिनं चोच, पिसारा, सगळं मोठं करून बघितलं. मग मशीनला दोरा लावला. लेकीला नाव घेऊन झापलं ते त्यानंतर, आणि चांगलं झापलं.

मशीन चालू झालं तसा तिचा आवाज उतरला. "चांगली होती का गं?"

"लई भारी, मम्मी."

"माझ्या कॉम्प्युटरवर नको. तुझ्या पप्पाच्या जुन्या लॅपटॉपवर टाक. अन् आत्यांना बसव शेजारी, त्यांना दुसरा उद्योग काय."

सून मला आत्या म्हणते. उद्योग खरंच नव्हता, आणि राहिलेलं निम्मं मलाही बघायचं होतं.